आधी ताईला

बास्केटबॉलच्या सीझनच्या पहिल्या सामन्यात आमच्या मंडळाच्या मुली इतक्या सभ्यपणे हरल्या की जिंकणाऱ्यांनाच ओशाळं व्हावं. सामना सुरू होण्याआधी त्यांनी रांग लावून रेफरीला वाकून नमस्कार केला. रेफरी बिचारा तोंडात शिट्टी घेऊन मागे सरकला. मग त्यांनी सांवेरहून आलेल्या समोरच्या संघाच्या कोचलाही नमस्कार केला. त्या गृहस्थांनी ‘खुश रहो’ असा तोंडभर आशीर्वाद दिला आणि पुढचा तासभर आम्ही खूश राहू नये याची चोख व्यवस्था केली.

मी या संघाची मॅनेजर होते. पद ऐकायला मोठं वाटतं. मंडळाच्या बैठकीत ‘मॅनेजर कोण होणार?’ असं अध्यक्षांनी विचारलं, नेमका त्याच क्षणी माझा फोन वाजला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, एवढीच माझी पात्रता. काम म्हणजे पाण्याचा कॅन, बर्फ, ग्लुकोजची बिस्किटं, आणि हरल्यावर मुलींच्या आयांची समजूत. मुलींची घालावी लागत नसे. त्या हरल्यावर पोहे-जलेबी खायला जायच्या आणि जिंकल्यासारख्या खायच्या.

संघाची कप्तान माझी मुलगी. तिच्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे जे केलं त्याला निदान कारण होतं हे लक्षात येईल. तिला सतरा वर्षांखालच्या विभागाच्या संघात जायचं होतं. आधी दोनदा ती थोडक्यात राहिली होती. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर ‘सिलेक्शन’ म्हणायची. अकरावीच्या परीक्षेबद्दल विचारलं तर ‘बघू’ म्हणायची. मी वरवर चिडायचे, पण मलाही तेच हवं होतं. आमच्या घराण्यात एक पणजोबा संस्थानाच्या फौजेत होते, त्यानंतर थेट माझी मुलगी. मधल्या सगळ्यांनी खुर्चीवर बसून नोकऱ्या केल्या.

संघातल्या बाकीच्या मुली इंदूरच्या आमच्याच मराठी वसाहतीतल्या. कुणी हिची मावसबहीण, कुणी तिच्या खालच्या मजल्यावरची. मंडळाच्या हॉलमागे कोर्ट आहे, तिथे या सगळ्या लहानपणापासून एकत्र पडल्या, खरचटल्या आणि वाढल्या. आणि सगळ्यांना एकच धडा पाठ होता, जो आमच्याकडे मूल बसायला लागल्यापासून शिकवला जातो: आधी ताईला. प्रसाद आधी ताईला, खिडकीची सीट आधी ताईला, नवीन फ्रॉक आधी ताईला आणि मग तोच फ्रॉक धाकटीला. माझी मुलगी वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ती सगळ्या संघाची ताई. मग बॉल तरी दुसऱ्या कुणाला कसा मिळेल?

हे नुसतं लाडाचं नव्हतं, या मुली खरंच तसं खेळायच्या. बॉल कुणाच्याही हातात येवो, ती आधी मान वर करून ताईला शोधायची. ताई कोर्टच्या दुसऱ्या टोकाला असेल, तिच्या अंगावर समोरच्या दोघीतिघी चढलेल्या असतील, काही फरक नाही. पंगतीत पहिलं पान थोरांचं, मग ते थोर अजून आंघोळीला का गेलेले असेनात.

पहिल्या सामन्यात संघातली सगळ्यांत धाकटी बॉल घेऊन थेट बास्केटखाली पोचली. ही आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, नववीत आहे, आणि चष्मा पडू नये म्हणून तो मागून इलॅस्टिकने बांधते. तिच्यासमोर कुणीही नव्हतं. नुसता वर टाकायचा होता. ती बॉल पोटाशी धरून उभी राहिली आणि चष्म्यातून ताईला शोधू लागली. बास्केटखालच्या त्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की बॉल जातो. शिट्टी वाजली, बॉल गेला. सांवेरच्या मुलींनी एकमेकींकडे बघून असे खांदे उडवले की मला त्या वेळी कोर्टखाली गाडून घ्यावंसं वाटलं.

सामना संपल्यावर कोच मॅडमनी तिला समोर उभं केलं. कोच मॅडम वयाने लहान, आवाजाने मोठ्या, स्वतः राज्याकडून खेळलेल्या. मराठी त्यांना समजायचं, पण रागवायला त्या हिंदीच वापरायच्या.

“बॉल तेरे हाथ में, बास्केट तेरे सर पे, सामने कोई नहीं. फेंका क्यों नहीं?”

“ताई थी ना, मैडम.”

“ताई क्या तेरी टीचर है?”

“नहीं मैडम,” धाकटी अगदी समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, “ताई है.”

त्या संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला: हार-जीत होतच असते, पण आपल्या मुलींचे संस्कार आज सर्वांनी पाहिले. खाली जोडलेल्या हातांची रांग. प्रत्येक आईबापाने त्याखाली आपापले हात जोडले. मीही जोडले. खरं सांगायचं तर या संस्कारांबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. संघ हरला होता, पण आमच्या खात्यात जे काही पॉइंट होते ते जवळपास सगळे माझ्या मुलीचे होते. निवड समितीचे लोक सामने बघायला येतात तेव्हा कुणी किती टाकले तेच बघतात, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

कोच मॅडमना मात्र संस्कार बघायची सवय नसावी. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला: कोर्टवर कुणी कुणाची ताई नाही. जर्सीवर नंबर आहे, त्याने हाक मारायची. माझ्या मुलीचा नंबर सात. मुलींनी माना डोलावल्या, कारण मोठ्यांचं ऐकायचं असतं, आणि सराव सुरू झाला. पहिलाच आवाज आला धाकटीचा.

“सात नंबर ताई!”

कोच मॅडम बाकावर बसल्या आणि त्यांनी थोडा वेळ डोक्याला हात लावला.

मग त्यांनी दुसरा उपाय केला. सरावात सात नंबरने बास्केट करायचं नाही, तिने फक्त पास द्यायचा. आता तरी बाकीच्या टाकतील असा हिशेब. पण त्यांनी मुलींना ओळखलंच नव्हतं. धाकटीने बॉल ताईला दिला. ताईने तो संघातल्या एका उंच मुलीला दिला. उंच मुलीने अदबीने तो ताईला परत केला. लग्नात दोन जावांनी शेवटची पुरी एकमेकींच्या पानात ढकलावी तसा तो बॉल कोर्टवर फिरत राहिला. बास्केट वर कोरडंच.

तेव्हा कोच मॅडमनी तिसरा उपाय केला आणि माझं डोकं फिरलं. त्यांनी पुढच्या सामन्यापासून माझ्या मुलीला दुसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर बसवायला सुरुवात केली. कप्तान, संघातली एकुलती एक जिला बास्केट कुठे आहे हे ठाऊक, ती डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर. आणि यंदा तिचं शेवटचं वर्ष.

मी भांडायला गेले. मॅनेजर म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं.

“आपकी बेटी अच्छी है, आंटी,” कोच मॅडम म्हणाल्या, “इसीलिए बाहर बैठाया. वो अंदर रहेगी तो बाकी कब अच्छी होंगी?”

“पण बाकीच्यांचं वय नाही संपत आहे. हिचं संपतंय.”

“मालूम है मुझे.”

“तिला सिलेक्शन हवंय.”

“टीम ऐसे ही हारती रही तो सिलेक्शनवाले देखने भी नहीं आएँगे, आंटी. हारनेवालों का मैच कौन देखता है?”

यात तथ्य होतं, म्हणून मला जास्त राग आला. शिवाय ‘आंटी’. माझ्यात आणि तिच्यात फार तर एका मोठ्या बहिणीइतकं अंतर असेल. पण ताई म्हणायला ती आमच्या वसाहतीतली थोडीच होती.

 घरी जेवताना मी कोचच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा मुलगी एवढंच म्हणाली, “आई, तू तिथे येऊन चिल्लाऊ नको ना प्लीज. मला बाकावर बसल्याची शरम नाही येत, तुझी येते.” अकरावीतल्या मुलीकडून याहून गोड काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

त्या बाकावर बसण्याचा पहिला परिणाम असा झाला की आम्ही आणखी वाईट हरलो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मुली बॉल घेऊन भांबावून उभ्या राहायच्या आणि बाकाकडे बघायच्या. एकीने तर बॉल बाकाकडेच फेकला. पण दोनतीन सामन्यांनंतर एक दिवस धाकटी पुन्हा एकटीच बास्केटखाली पोचली. सवयीने तिने इकडेतिकडे पाहिलं. ताई कोर्टवर नव्हती. मागून दोघी धावत येत होत्या. तिने घाबरून बॉल वर भिरकावला आणि तो जाळीतून खाली पडला.

आम्ही सगळे ओरडलो. धाकटी वळली, बाकाकडे पाहून तिने हात जोडले आणि म्हणाली, “सॉरी ताई.”

ती माफी मागत असताना समोरच्यांनी बॉल उचलून दुसऱ्या टोकाला बास्केट केलंसुद्धा. पण माझी मुलगी टॉवेलखाली हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती, आणि मला बरं वाटलं.

त्याच संध्याकाळी खालून पार्किंगमधून धप धप आवाज यायला लागला. गॅलरीतून पाहिलं तर आमची कन्या आणि धाकटी. भिंतीवर खडूने गोल काढलेला, आणि धाकटी त्यात बॉल मारतेय. कोपर आत घे, गुडघे वाकव, चष्मा सांभाळ, असं सगळं प्रशिक्षण चालू. हे मग रोजचंच झालं. तळमजल्यावरचे काका तक्रार घेऊन वर आले. मी त्यांना चहा दिला, मॅनेजर म्हणून दिलगिरी व्यक्त केली, आणि मुलीला आत ओढून विचारलं.

“तू तिला का शिकवते आहेस?”

“तिला टाकता नाही येत म्हणून.”

“तिला येत नाही हे चांगलंच आहे ना. तिला आलं की ती टाकेल. मग तू काय करशील?”

“आई, तुला गेम पता नाही,” ती वैतागून म्हणाली. “सगळ्यांना माहितेय बॉल माझ्याकडेच येणार, म्हणून दोघीदोघी मला चिकटतात. ती टाकायला लागली तर एक जण तिच्याकडे जाईल ना. मग मी सुटेन. सिंपल आहे.”

म्हणजे त्यागबिग काही नव्हता, चांगला हिशेब होता. मला हायसं वाटलं. पोरगी माझ्यावर गेली होती. फक्त या हिशेबात एक गोष्ट तिने धरली नव्हती आणि मीही नाही. धाकटीला शिकवलेलं खरोखरच यायला लागेल, हे आमच्या दोघींच्या डोक्यात आलं नव्हतं.

थंडी पडली आणि आमचा संघ सुधारायला लागला. हे मी आनंदाने सांगते आहे असं समजू नका. त्या उंच मुलीचा कुणाला धक्का लागला की ती थांबून सॉरी म्हणायची, हात देऊन उठवायची, समोरचीच्या गुडघ्यावरची धूळ झटकायची. तोवर तीच समोरची जाऊन बास्केट करून यायची. सीझनच्या मध्यापर्यंत तिने सॉरी म्हणायचं सोडलं नव्हतं, पण आता बॉल काखेत आल्यावर म्हणायची. दुसरी एक टाकताना दोन्ही डोळे मिटायची, ती एकावर आली. नमस्काराची रांग अजून लागायची, पण आता समोरचे कोच आशीर्वाद देताना हात आखडता घ्यायला लागले होते.

आणि धाकटी. ती टाकायची आणि जायचे. कोपऱ्यातून, धावत, पडता पडता. प्रत्येक बास्केटनंतर ती आधी ‘सॉरी ताई’ म्हणायची, मग नुसती ताईकडे बघायची, मग ताईने तिला एकदा सगळ्यांसमोर झापलं तेव्हापासून तेही बंद झालं. सामन्यांना येणारे वसाहतीतले रिकामटेकडे तिच्या नावाने ओरडायला लागले. “क्या बात है भिया, छोटी ने तो गजब कर दिया!” हेच भिया, म्हणजे आमच्या इंदुरी बोलीतले भैया, मागच्या वर्षी माझ्या मुलीसाठी ओरडायचे. लोकांना काय, ओरडायला कुणीतरी लागतं.

आम्ही जिंकायला लागलो. एक, मग आणखी एक, मग सलग. अध्यक्षांनी ग्रुपवर लिहिलं की संस्कारांना मेहनतीची जोड मिळाली. खालच्या मजल्यावरची धाकटीची आई मला जिन्यात भेटली की हात धरून म्हणायची, “वहिनी, सगळं ताईमुळे बरं का. आमचीला काही म्हणजे काही येत नव्हतं.” मी म्हणायचे, “अहो, तिचीच मेहनत.” दोघी हसायचो. दोघींनाही कळत होतं की माझ्या मुलीच्या नावावरचे पॉइंट आता वाटले जातायत. ती अजूनही बाकीच्यांपेक्षा जास्त खेळायची, धावायची, अडवायची, पास द्यायची. पण बॉल बास्केटमध्ये जाताना तो शेवटी ज्याच्या हातून सुटतो त्याचं नाव होतं, आणि ते हात आता बहुतेक वेळा इलॅस्टिकच्या चष्म्याच्या मालकिणीचे असायचे.

मुलीच्या लक्षात आलं होतं. ती रोज खाली जायची, पण धप धप आवाजात पूर्वीचं हसणं ऐकू येत नव्हतं. एकदा मी म्हटलं, आता पुरे, तिला येतंय. तर म्हणाली, “आता बंद केलं तर तिला समजेल ना का बंद केलं.” आणि बॉल घेऊन जिना उतरली. हे असं वागणं कुठून शिकली देव जाणे. मी तर शिकवलेलं नाही.

शेवटचा सामना सिमरोलच्या पुढे एका मोठ्या कॉलेजच्या कॅम्पसमधल्या कोर्टवर होता, आणि समोर पुन्हा सांवेरचा संघ. निवड समितीचे लोक येणार हे आधीच कळलं होतं. मुली टेम्पो ट्रॅव्हलरमधून गाणी म्हणत गेल्या. मॅनेजरसाठी त्यात जागा नव्हती, म्हणून मी पाण्याचे कॅन गाडीत चढवून दिले आणि स्वतः स्कूटरवरून मागे मागे गेले. वाटेत मी देवाला एकच गोष्ट मागितली, आणि ती संघाच्या विजयाची नव्हती.

सामना चांगला झाला असं सगळे म्हणतात. मला फक्त सात नंबर दिसत होता. निवड समितीचे गृहस्थ पांढरी टोपी आणि काळा चष्मा लावून मंडपात बसले होते. ते नेमके कुणाकडे बघतायत हे त्या काळ्या चष्म्यामुळे कळत नव्हतं. मी सामना कमी आणि त्यांची टोपी जास्त पाहिली. सांवेरच्या मुली मुरलेल्या होत्या. त्यांनी पहिल्यापासून माझ्या मुलीला दोघींत पकडलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. तिचा हिशेब उलटा पडला होता. धाकटी टाकायला लागली तरी ताईच्या अंगावरून कुणी हललं नाही, कारण सांवेरच्या कोचच्या डोळ्यांसमोर अजून पहिलाच सामना असावा.

अगदी शेवटी बरोबरी होती. बॉल माझ्या मुलीकडे आला. दोघी तिच्यावर धावल्या. क्षणभर त्यांच्यामधून तिला फट दिसली असावी, मलाही दिसली, तिथून ती टाकू शकली असती. तिने टाकला नाही. तिने बॉल त्या दोघींच्या हाताखालून कोपऱ्यात दिला. धाकटीने इकडेतिकडे कुणाकडेही न बघता तो वर टाकला आणि जाळी हलली.

सगळे उड्या मारायला लागले. मीही मारली. हवेत असतानाच माझ्या लक्षात आलं की ते बास्केट माझ्या मुलीचं होतं.

नमस्कार, फोटो, पुन्हा फोटो झाल्यावर ते टोपीवाले सर कोर्टच्या मधोमध आले. मुली रांगेत उभ्या राहिल्या. आम्ही आया मागे. त्यांनी धाकटीकडे बोट केलं.

“ये छोटी वाली आ जाए ट्रेनिंग कैंप में.” मग माझ्या मुलीकडे. “और सात नंबर, तुम रिज़र्व में. कोई नहीं आया, तो तुमको बुलाएँगे.”

संपलं. इतकं साधं असतं ते.  मुलीने टाळ्या वाजवल्या. नीट, पूर्ण, सगळ्यांच्या बरोबरीने वाजवल्या, आणि तिच्या मानेवरची शीर फुगलेली मला मागून दिसत होती.

तेवढ्यात धाकटी पुढे झाली.

“सर, मैं नहीं जाऊँगी. ताई नहीं तो मैं भी नहीं.”

सर गोंधळले. पण त्यांच्यापेक्षा मी जास्त गोंधळले, कारण माझ्या मनात एकदम दिवा लागला. कोई नहीं आया तो. ही नाही गेली तर माझी जाणार. आणि इतक्यात धाकटीची आई माझा हात धरून, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “बरोबर बोलतेय ती, वहिनी. आधी ताईचा हक. आमची लहान आहे, तिला पुढची किती वर्षं आहेत. ताईला जाऊ दे.”

आता आमच्याकडची एक रीत सांगते. कुणी काही दिलं की लगेच घ्यायचं नसतं. दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला ‘तुम्ही इतकं म्हणताच आहात तर’ असं पुटपुटून घ्यायचं. चहापासून साडीपर्यंत सगळं असंच घेतलं जातं. देणाऱ्यालाही हे माहीत असतं आणि तो मोजून तीनदा आग्रह करतो.

“नाही नाही, असं कसं,” मी म्हटलं. हा पहिला.

“नाही वहिनी, मनापासून सांगते. तिने शिकवलं म्हणून तर ही उभी आहे.”

“अहो, पण पोरीने कमावलंय,” मी म्हटलं. हा दुसरा. तो पहिल्यापेक्षा मऊ निघाला. रीतच तशी आहे.

टोपीवाले सर घड्याळ बघत म्हणाले, “देख लो, आपस में तय कर लो. मुझे और जगह भी जाना है.” कोच मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. धाकटीच्या आईने तिसऱ्या वेळेसाठी श्वास घेतला. माझं उत्तर तयार होतं. कुणाला आवडो न आवडो, आज विचारलंत तरी सांगेन की मी हो म्हणाले असते. थोर व्हायची हौस इतरांना असेल. माझ्या पोरीचं हे शेवटचं वर्ष होतं आणि जागा तिच्या दारात चालून आली होती. तीही कुणाचा गळा न कापता, सगळ्यांच्या खुशीने, रीतीप्रमाणे.

“काकू, थांबा,” माझी मुलगी म्हणाली.

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ती धाकटीकडे वळली.

“तू का नाही जाणार?”

“तू मोठी आहेस.”

“मोठी आहे तर काय? तू माझ्यापेक्षा चांगली टाकतेस. मला माहितेय, मीच शिकवलंय.” तिचा आवाज चिरकला आणि त्याचा तिला राग आला. “तू सोडलेली जागा घेऊन मी तिथे जाऊन काय सांगू? छोटीने दिली म्हणून आले? मला नकोय अशी. मला माझी पाहिजे होती, नाही मिळाली. आता तू फालतू ड्रामा नको करू, जा.”

धाकटी चष्म्याच्या आत रडायला लागली. पण तिने होकाराची मान डोलावली.

“सर, ये आएगी. पक्का,” माझी मुलगी म्हणाली.

सर सुटल्यासारखे निघून गेले. धाकटीच्या आईने माझा हात सोडला. यासाठी आमच्याकडे काही रीत नाही.

परतताना माझी मुलगी ट्रॅव्हलरमध्ये बसली नाही. तिथे गाणी चालू होती. माझ्या मागे स्कूटरवर बसली.  खंडवा रोडने येताना मी मनातल्या मनात बरीच भाषणं तयार केली. त्यातली निम्मी कोच मॅडमसाठी होती, काही टोपीवाल्यासाठी आणि एकदोन तिच्यासाठी. भंवरकुआच्या सिग्नलला थांबलो तेव्हा ती मागून म्हणाली,

“आई, मलापण वाटलं होतं, गप्प बसावं. काकू बोलतायत तर बोलू द्यावं.”

“मग?”

“मग तुझ्याकडे बघितलं.”

मी सिग्नलचे उलटे आकडे मोजत राहिले.

“तू नको नको म्हणत होतीस आणि इतकी खूश दिसत होतीस ना, आई,” ती म्हणाली. “मी खरंच जिंकते, तेव्हापण तू इतकी खूश नाही दिसत.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या.   मी स्कूटर कडेला घेतली, तिने माझ्या पाठीला डोकं लावलं, आणि तिचं रडून होईपर्यंत मी समोर बघत तिथेच थांबले.